मुलामुलींना रांधायला शिकवा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मागणी आधी सांगते, कारणे नंतर. महाराष्ट्रातल्या कोणत्याही माध्यमाच्या शाळेतून आठवी पार करणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला चार माणसांचा साधा, ताजा स्वयंपाक स्वतःच्या हाताने करता आला पाहिजे, आणि तो शिकवणे ही शाळेची जबाबदारी असली पाहिजे. वरण, भात, भाकरी नाहीतर पोळी, एक पालेभाजी, एक उसळ, एक कोशिंबीर. पक्वान्ने नकोत, पाककृती स्पर्धा नकोत. रोज जेवायला जे लागते ते नेहमीच्या तासिकेत शिकवा.

मी सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. आता निवृत्त आहे. आहाराचा घटक मी वर्षानुवर्षे शिकवला आणि मुलांनी त्याची उत्तरे चांगली लिहिली. कर्बोदके कशात, प्रथिने कशात, अ जीवनसत्त्व कमी पडले की कोणता आजार, सगळे तोंडपाठ. पण ज्या डाळीतून प्रथिने मिळतात असे त्यांनी उत्तरपत्रिकेत लिहिले, ती डाळ शिजवायला पाणी किती घालायचे हे बहुतेक मुलग्यांना सांगता यायचे नाही. काही मुलींना यायचे, तेही लहानपणापासून आईच्या हाताखाली राबावे लागले म्हणून. शाळेने शिकवले म्हणून ते कुणालाच आले नव्हते.

मुलांच्या खाण्याची काळजी सरकार करत नाही असे मी म्हणणार नाही. शाळेच्या आत आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कोणत्या शीतपेयात किती साखर आहे ते मुलांना भिंतीवर दिसावे, हा त्याचा हेतू. दोन्ही पावले योग्य आहेत आणि ती नीट अमलात यावीत. पण ती मुलाला फक्त काय खाऊ नये ते सांगतात. संध्याकाळी पाच वाजता शाळेतून घरी आलेल्या मुलाचे काय? आई शेतावर, कारखान्यात नाहीतर ऑफिसात. वडीलही बाहेर. पोटात भूक. घरात तांदूळ आहे, मूगडाळ आहे, कांदे-बटाटे आहेत, पोहे आहेत, आणि शिवाय नूडल्सचे एक पाकीट आहे. या सगळ्यांत फक्त त्या पाकिटावरच मागे कृती छापलेली असते, चित्रांसकट. पोह्यांचे कसे करायचे ते त्याला कुणी सांगितलेले नाही. मंत्रिमहोदय, आपल्या मुलांना शेगडीपाशी उभे राहायला पाकिटवाल्या कंपन्यांनी शिकवले आहे. ते काम शाळेचे होते.

त्या पाकिटात काय असते तेही पाहू. मैद्याच्या शेवया पाम तेलात तळून वाळवलेल्या असतात, म्हणून त्या इतक्या लवकर शिजतात. मसाल्याची पुडी बहुतांशी मिठाची. एका पाकिटातून साधारण दोन ग्रॅम मीठ पोटात जाते. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळ्या पदार्थांतून मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मुलांसाठी त्याहून कमी. म्हणजे दिवसाचा मोठा वाटा एका वाडग्यात संपला. डाळ नाही, भाजी नाही, चोथा नाही, पोट मात्र तासाभरात पुन्हा रिकामे.

अशा पदार्थांचा परिणाम घटकांच्या बेरजेपलीकडे जातो, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. वीस माणसांना त्यांनी महिनाभर संस्थेतच राहायला ठेवले. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, दोन आठवडे साधे अन्न. दोन्ही ताटांत वाढलेल्या उष्मांकांचे, साखरेचे, चरबीचे, मिठाचे आणि चोथ्याचे प्रमाण जुळवलेले होते, आणि हवे तेवढे खायची मुभा होती. कारखान्याचे अन्न समोर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, जेवतही होती भराभर. दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलो वाढले. साध्या अन्नावर तितकेच उतरले. मऊ, चावायला न लागणारे, पटकन गिळता येणारे अन्न पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच संपते, असे त्याचे एक संभाव्य कारण सांगतात. ज्वारीची भाकरी चावावी लागते. मटकीची उसळ चावावी लागते. ते चावणेही आपल्या जेवणाच्या कामाचे आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. ताजे, घरचे अन्न खा, असे जेव्हा जेव्हा कुणी सांगते, तेव्हा ते वाक्य ऐकायला फक्त बायका बसलेल्या असतात. आहारतज्ज्ञांचे व्याख्यान माता-पालकांसाठी. डब्यात काय द्यावे आणि काय देऊ नये याची सूचना आईसाठी. वर्तमानपत्रातल्या पौष्टिक डब्याच्या कृती गृहिणींसाठी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे निघाला, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. पावणेपाच तास राबून झाल्यावरही, नोकरी किंवा मजुरी सांभाळून, तिनेच पहाटे अजून लवकर उठून मोड आलेली मटकी परतावी, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तिचा वेळ संपला आहे. म्हणून पाकीट घरात आले. ते तिच्या आळसामुळे आले असे जे म्हणतात, त्यांनी पहाटे साडेचारला एखाद्या गावात कोणाच्या घरात दिवा लागतो ते पाहावे.

घरात चार माणसे असतील आणि त्यांतल्या तिघांना स्वयंपाक येत नसेल, तर ताज्या अन्नाची कितीही महती गायली तरी ते घर पाकिटाकडेच वळणार. चौघांनाही येत असेल तर रोजच्या जेवणाला प्रत्येकाची वीस-पंचवीस मिनिटे लागतात. एकाने कुकर लावला, एकाने भाजी चिरली, एकाने भाकऱ्या थापल्या, एकाने भांडी घासली. घरच्या अन्नाचा प्रश्न हा असा सुटतो, आणि तो सोडवायचा तर मुलगे लहान असतानाच त्यांच्या हाताला वळण लावावे लागते. पंचविशीत ते लावणे कठीण जाते.

पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे आमच्या गावांकडचे मुलगे राहतात. बरेचसे शेतकऱ्यांचे, मजुरांचे. एका खोलीत कॉट लावून चार-पाच जण. जेवण मेसचे, रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद. मग वडापाव, नूडल्स, चहा-बिस्किटे. माझे काही विद्यार्थी तिथे वर्षानुवर्षे राहिले. पित्ताच्या गोळ्या त्यांच्या उशाशी असतात. राज्याचे प्रशासन चालवण्याची तयारी करणाऱ्या या हुशार मुलांना तांदूळ, मूगडाळ, हळद, मीठ कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या काढणे जमत नाही, कारण आयुष्यात कुणी त्यांच्याकडून ते करून घेतले नाही. मोजून पाहा: डाळ-तांदूळ धुणे, एक कांदा आणि एक टोमॅटो चिरणे, फोडणी घालणे, यात हाताचे काम दहा मिनिटांचे. बाकीचा वेळ कुकर आपले काम करतो आणि मुलगा पुस्तक वाचू शकतो.

मुलग्यांनी शाळेत स्वयंपाक करणे ही कल्पना कुठून बाहेरून आणायची नाही. ती आमच्या साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, आळीपाळीने दळत, रांधत आणि एका पंक्तीत जेवत. अस्पृश्यता मुरलेल्या त्या काळात कोणी शिजवले आणि कोणी खाल्ले हा जीवनमरणाचा प्रश्न होता, आणि भाऊरावांनी तो मुलांच्या हातांनीच सोडवला. आजही शाळेतल्या स्वयंपाकीण बाईंची जात पाहून मुलांना जेवू न देणारे पालक देशात आहेत. एकत्र रांधून वाढलेल्या मुलांना हे असले काही शिकवणे पुढे अवघड जाते.

वर्ध्याला १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा वर्गच होता. मुले जेवणाचा बेत ठरवत, आहारमूल्य मोजत आणि खर्चाचा हिशोब ठेवत. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. कलबागांची पीएच.डी. अन्नतंत्रज्ञानातली, अमेरिकेतली, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून ते दुष्काळी गावात शिकवायला आले. त्यांच्या 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले चार क्षेत्रांत हाताने काम करतात, आणि त्यांतले एक गृह आणि आरोग्य आहे. मुले आणि मुली दोघेही चिक्की करतात, पदार्थांचे खर्चपत्रक मांडतात, रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. त्या एका साखळीत सगळे शिक्षण आहे: शेंगदाणा आणि गूळ हातात, लोहाचा धडा पुस्तकात, आणि आपल्या स्वतःच्या रक्तातला आकडा डोळ्यांसमोर. या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. हा अभ्यासक्रम आपल्याच परीक्षा मंडळाने मान्य केलेला आहे. पाबळला एकदा जाऊन या, ही विनंती.

बाहेरच्या देशांतही हे झाले आहे. जपानमध्ये गृहशास्त्र पूर्वी मुलींपुरते होते. १९९३ पासून माध्यमिक आणि १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळेत ते मुलग्यांनाही सक्तीचे झाले. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार चौदाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना स्वयंपाक शिकवतात.

आपल्याकडे साधने नाहीत, असे आपले अधिकारी सांगतील. साधने आहेत. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना शाळेत शिजवलेले जेवण द्यायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने बंधनकारक केले, आणि तेव्हापासून गावोगावच्या शाळांत चूल किंवा गॅस, पातेली, ताटे, धान्याचा साठा आणि रोज रांधणाऱ्या बायका आहेत. अनेक शाळांनी परसबागाही केल्या आहेत. मेथी, पालक, दोडका, शेवगा मुलांनीच लावलेला असतो. एवढी मोठी प्रयोगशाळा उभी असताना मुले तिच्या दारात ताट घेऊन फक्त रांगेत उभी राहतात. शंभर-दीडशे मुलांची खिचडी रोज एकसारखी उतरवणाऱ्या त्या बाईंना पाण्याचे, मिठाचे, आचेचे जे ज्ञान आहे ते बी.एड. झालेल्या माझ्याकडे नव्हते. त्यांना आठवड्यातून एक तास वर्गाला शिकवू द्या. त्यासाठी वेगळे मानधन द्या, आणि फलकावर शिक्षकांच्या यादीत त्यांचे नाव लिहा. शहरांत जिथे जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येते तिथे दोन शेगड्या आणि चार कुकर लागतील. तेवढे पैसे राज्याकडे आहेत.

मुले भाजतील, कापून घेतील, ही दुसरी भीती. हीच मुले विज्ञानाच्या प्रयोगात स्पिरिटचा दिवा पेटवतात, आम्ल हाताळतात, आणि शिक्षक शेजारी उभे असतात. विळी आणि कुकर त्याहून धोक्याचे नाहीत. उलट कुकरची वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकण ओढायचे नाही, गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, हे शाळेत शिकलेले मूल घरात अधिक सुरक्षित राहते.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, हे मला मान्य आहे. मी तो शिकवला आहे. म्हणूनच सांगते, नवे पुस्तक काढू नका. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. महाबळेश्वरला ते ९५ अंशांनाच उकळते, म्हणून तिथे उघड्या पातेल्यातली डाळ रेंगाळते. दाब आणि उत्कलनबिंदू हा धडा याहून चांगला कुठे शिकवता येईल? विरजण म्हणजे जीवाणू. आंबवलेले पीठ म्हणजे किण्वन. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, मोड येताना ते तयार होते. तिच्यावर लिंबू पिळले की तिच्यातले लोह शरीरात जास्त शोषले जाते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. पाचवीच्या मुलांनी भाज्या निवडायच्या, धुवायच्या, मापे ओळखायची, कोशिंबीर करायची. पुढे मोड आणणे, पोहे, भात. सातवीत कुकर आणि भाकरी. भाकरी सगळ्यांत अवघड, तिला वर्ष लागू द्या. आठवीच्या शेवटी चौघांचे जेवण, बाजारहाट आणि हिशोबासह. परीक्षा ताटातच घ्या, लेखी प्रश्नपत्रिका काढली तर पुन्हा 'डाळीचे फायदे लिहा' एवढेच उरेल.

आणि एकच बेत साऱ्या राज्यावर लादू नका. कोकणातल्या मुलाला कुळथाचे पिठले यावे, मराठवाड्यातल्याला ज्वारीची भाकरी, खानदेशातल्याला कळण्याची. जिथे मासे, अंडी, मटण घरात शिजते तिथे ते शिकवायला लाजू नका. पालघर, ठाणे, रायगडकडे पावसाळ्याच्या तोंडावर शेवळे नावाची रानभाजी येते. ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून काकड नावाच्या झाडाच्या फळांचा रस घालून शिजवतात. कोणते पान, कोणते फळ, किती वेळ, हे आदिवासी बायकांना ठाऊक आहे. टाकळा कोवळा कधी खुडायचा, कर्टोली कुठल्या कुंपणावर सापडतात, हेही त्यांनाच ठाऊक. त्यांच्या नातवंडांच्या शाळेबाहेर मात्र पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा टांगलेल्या आहेत. त्या आज्यांना वर्गात बोलवा. उशीर झाला तर हे ज्ञान कुठल्याही समितीला परत मिळवता येणार नाही.

घरी शिजले म्हणजे आपोआप चांगले, असे मी म्हणत नाही. तेलात पोहणारी भाजी घरचीच असते, चहातली तीन चमचे साखर घरचीच, आणि ताटात भाताचा डोंगर आणि वाटीच्या तळाशी चमचाभर वरण हेही घरचेच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना दिल्या. देशातल्या आजारांच्या एकूण भारापैकी ५६ टक्क्यांहून अधिक भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असे त्यात म्हटले आहे. पण घरच्या भाजीत तेल किती घालायचे ते आपल्या हातात असते, आणि ज्याला फोडणी करता येते त्यालाच ती कमी तेलात करायला शिकवता येते. तसेच पिशवीतले दूध, विकतचे दही, गिरणीचे पीठ, कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणलेल्या गरम पोळ्या यांच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. आजारपणात, बाळंतपणात, परीक्षेच्या दिवसांत याच बायकांच्या केंद्रांनी अनेक घरे सांभाळली आहेत, आणि ते अन्न ताजेच असते.

येत्या जूनपासून प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात सुरुवात करता येईल. त्यासाठीच्या परिपत्रकात तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात. कोणत्याही ठेकेदाराकडून स्वयंपाकाचे संच खरेदी करायचे नाहीत. शाळेत आहेत तीच भांडी वापरायची. पालकांकडून शुल्क किंवा सामान मागायचे नाही, कारण त्याचा भार पुन्हा आईवरच पडेल. आणि कामे हजेरीपटाच्या क्रमाने आळीपाळीने वाटायची, मुलगा-मुलगी असा भेद न करता. चूल पेटवणे, भाकरी थापणे, वाढणे, आणि शेवटी भांडी घासून ओटा पुसणे, यांतले एकही काम कोणाला चुकता कामा नये.

आमच्या तालुक्याची निवड झाली तर शिकवायला मी विनामूल्य येईन. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका, आणि शिक्षकही, प्रत्येक तालुक्यात आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांनी त्यांची यादी मे महिन्यात करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
जि. सातारा